बॅकबीटच्या सरावासाठी गाणे कसे निवडावे

साताऱ्याच्या एका तरुण वादकाने प्रश्न विचारला आहे. दोन वर्षे घरीच गिटार शिकल्यावर त्यांना सगळ्या ओपन कॉर्ड (मोकळ्या तारा वापरणारे स्वरसमूह) आणि एफची बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची कॉर्ड) बऱ्यापैकी जमते. मात्र सोबत काहोन, म्हणजे वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी, वाजवणारा त्यांचा मित्र म्हणतो की त्यांचे स्ट्रमिंग, म्हणजे तारांवर हात फिरवून कॉर्ड वाजवणे, सपाट वाटते, त्यात बॅकबीट येत नाही. शाळेत असताना ते काही वर्षे तबला शिकले आहेत आणि गावच्या भजनात आजही टाळ धरतात. बॅकबीटच्या सरावासाठी दहा गाण्यांची यादी द्यावी, अशी त्यांची विनंती आहे.

सांगलीत विश्रामबागेत मी गेली बावीस वर्षे गिटार शिकवतो आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. दहा गाण्यांची यादी मी देणार नाही, कारण दहा गाणी हातात घेतली की प्रत्येक गाण्याच्या कॉर्ड पाठ करण्यातच महिने जातात आणि उजवा हात आहे तिथेच राहतो. एका वेळी एकच गाणे घ्यावे, आणि ते कॉर्ड सोप्या आहेत म्हणून नव्हे, तर त्यातला दुसरा आणि चौथा ठोका कानाला उघडा ऐकू येतो म्हणून घ्यावे. पुढे मी जी काही गाणी सुचवली आहेत ती याच कसोटीवर निवडलेली आहेत, आणि ही कसोटी कशी लावायची हे समजले तर तुम्हाला आवडणाऱ्या कोणत्याही गाण्याबद्दल तुम्ही स्वतः निर्णय घेऊ शकाल.

बॅकबीट म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला दिलेले वजन. ड्रमसेटवर पायाने वाजणारा मोठा ड्रम साधारणपणे पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला येतो, आणि कडक आवाजाचा स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्याला. तुमच्या मित्राच्या काहोनवर मध्यभागी मारलेला खोल आवाज म्हणजे तो मोठा ड्रम आणि वरच्या कडेवर मारलेली थाप म्हणजे स्नेअर. तेव्हा तुमच्याजवळ उत्तम शिक्षक आधीच बसलेला आहे: त्याच्या वरच्या कडेवरच्या थापेशी तुमचा हात एकाच क्षणी पडला पाहिजे. चर्चमधील सामूहिक गायनात दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला टाळी देण्याची रीत अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात आधीपासून होती. 1949 साली ध्वनिमुद्रित झालेल्या फॅट्स डॉमिनो यांच्या ‘द फॅट मॅन’ या गाण्यात अर्ल पामर या ड्रमवादकाने ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग धरली, आणि पुढच्या दशकात ती रॉक अँड रोलची ओळख बनली.

तुम्ही तबला शिकला आहात म्हणून हीच गोष्ट आपल्या भाषेत सांगतो. केरवा या तालाचा ठेका ‘धा गे ना ती, ना के धी ना’ असा आठ मात्रांचा. या आठ मात्रा चार ठोक्यांवर पसरल्या, म्हणजे एका ठोक्याला दोन मात्रा धरल्या, तर पहिल्या ठोक्यावर ‘धा’, दुसऱ्यावर तिसऱ्या मात्रेचा ‘ना’, तिसऱ्यावर पाचव्या मात्रेचा, म्हणजे खालीचा ‘ना’, आणि चौथ्यावर सातव्या मात्रेचा ‘धी’ येतो. बॅकबीट म्हणजे तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर टाळी देणे. भजनात आपण टाळी देतो ती समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणि पाचव्या मात्रेवर. लहानपणापासून आपल्या शरीराने वजन तिथेच टाकायचे हे शिकून घेतलेले असते. त्यामुळे गणित तुम्हाला एका मिनिटात समजेल, पण हाताला ते पटायला काही आठवडे लागतील, आणि यात तुमचा काही दोष नाही. समेची जाणीव पक्की असणे ही तर जमेची बाजू आहे, कारण बॅकबीटमध्येही सम हरवून चालत नाही. ती फक्त मोठ्याने म्हणायची नसते.

गाणे निवडण्याची पहिली परीक्षा गिटार हातात न घेता करायची असते. मूळ ध्वनिमुद्रण लावा आणि खोलीत किंवा गच्चीवर गाण्याच्या लयीत चालायला लागा, असे की डावे पाऊल पहिल्या ठोक्याला, उजवे दुसऱ्याला, पुन्हा डावे तिसऱ्याला आणि उजवे चौथ्याला पडेल. आता प्रत्येक उजव्या पावलाबरोबर टाळी द्या. टाळी आणि स्नेअरचा आवाज एकमेकांत मिसळून एकच आवाज ऐकू आला तर गाणे सरावाला योग्य आहे. टाळीच्या जागी गाण्यात काहीच ऐकू येत नसेल, किंवा तिथे ढोलकी, तबला, शेकर अशी तीन-चार वाद्ये वेगवेगळ्या जागी भरणा करत असतील, तर गाणे कितीही आवडते असले तरी सध्या बाजूला ठेवावे. ही चाल संपूर्ण गाणेभर टिकवावी, आणि शेवटच्या दोन कडव्यांत स्वतः गात टिकवावी. मी तरुण असताना गणेशोत्सवातील एका कार्यक्रमाच्या तालमीत आमच्या ड्रमवादकाने मला गिटार खाली ठेवायला लावून एक अख्खे गाणे नुसत्या टाळीवर म्हणायला सांगितले होते. वाद्य वाजत असताना मला टाळी जमली, पण ध्रुवपद गायला लागताच ती पहिल्या ठोक्यावर घसरली. शब्दांचा आघात हाताला आपल्याकडे ओढतो हे त्या दिवशी कळले, आणि तेव्हापासून गाताना टाळी टिकत नाही तोवर मी कोणत्याही विद्यार्थ्याला त्या गाण्यावर स्ट्रमिंग करू देत नाही.

दुसरी परीक्षा कॉर्ड कुठे बदलतात याची आहे, आणि माझ्या मते कॉर्ड किती आहेत यापेक्षा ही अधिक महत्त्वाची आहे. सुरुवातीला असे गाणे घ्यावे ज्यात एक कॉर्ड निदान पूर्ण एक आवर्तन टिकते आणि नवी कॉर्ड बरोबर पहिल्या ठोक्यावर येते. असे असले की चौथ्या ठोक्याचे वजन निर्धास्तपणे देता येते आणि त्यानंतरच्या अर्ध्या ठोक्यात, हात वर जात असताना, डाव्या हाताची बोटे उचलून पुढच्या कॉर्डकडे नेता येतात; त्या क्षणी मोकळ्या तारा हलक्या वाजल्या तरी कानाला खटकत नाही. याउलट, पुष्कळ अलीकडच्या गाण्यांत नवी कॉर्ड पहिल्या ठोक्याच्या अर्धा ठोका आधीच येऊन बसते. ऐकायला ते फार सुंदर लागते, पण शिकणारा मग घाईने चौथा ठोका आखडतो आणि नेमके जे शिकायचे तेच बुडते. आवर्तनात दोन-दोन कॉर्ड असतील तर बदल तिसऱ्या ठोक्यावर, म्हणजे दोन्ही वजनांच्या मध्ये येतो. हा पुढचा टप्पा समजावा.

लयीबद्दल एवढेच सांगतो की मिनिटाला 75 ते 95 ठोक्यांच्या दरम्यानचे गाणे पहिल्यांदा घ्यावे. 120 च्या पुढे हात आपोआप ताठ होतो, आणि 65 च्या खाली दोन ठोक्यांमधली पोकळी इतकी मोठी होते की तिथे काहीतरी भरण्याचा मोह आवरत नाही.

आता प्रत्यक्ष गाणी. सगळ्यात आधी, गिटारशिवाय, क्वीन या वाद्यवृंदाचे 1977 सालचे ‘वी विल रॉक यू’ घ्या. त्यात जवळपास संपूर्ण गाणेभर फक्त पाय आणि टाळ्या आहेत: दोन वेळा पाय, एक टाळी. पाय पहिल्या ठोक्यावर आणि त्याच्या अर्ध्यावर, टाळी दुसऱ्यावर. पुन्हा पाय तिसऱ्यावर आणि त्याच्या अर्ध्यावर, टाळी चौथ्यावर. लय मिनिटाला साधारण 81 आहे. याहून उघडा बॅकबीट मला माहीत नाही. गिटारच्या सहाही तारांवर डावा हात हलका टेकवून, कोणतीही कॉर्ड न धरता, पायांच्या जागी जाड तारांवर दोन हलके फटके आणि टाळीच्या जागी बारीक तारांवर एक ठाम फटका, असे पाच मिनिटे वाजवा. घरात याला कोणी संगीत म्हणणार नाही, पण तुमच्या मनगटाला वजन कुठे टाकायचे ते इथेच पहिल्यांदा कळेल. यानंतर मायकेल जॅक्सन यांचे ‘बिली जीन’ घ्यावे, ज्याच्या सुरुवातीला काही क्षण नुसते ड्रमच वाजतात. त्याची लय 117 च्या आसपास आहे, म्हणून ते वाजवण्यासाठी नव्हे, तर कान आणि टाळी पक्की करण्यासाठी वापरावे.

कॉर्डसह वाजवण्याचे पहिले गाणे मात्र आपल्या भाषेतले, किंवा निदान शब्द झोपेतही आठवतील असे असावे. अली हैदर यांचे 1993 सालचे ‘पुरानी जीन्स’ माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते आणि जी, ई मायनर, सी, डी या चार कॉर्डांत ते सहज बसवता येते, म्हणून मी अनेकदा तिथूनच सुरुवात करतो. केके यांच्या 1999 सालच्या ‘पल’ या संग्रहातील ‘यारों’ हेही चांगले आहे. मात्र कोणतेही गाणे माझ्या शब्दावर घेऊ नका, चालण्याची परीक्षा लावूनच घ्या. मराठीत किशोरकुमार यांनी गायलेले ‘गंमत जंमत’ या 1987 सालच्या चित्रपटातील ‘अश्विनी ये ना’ ऐकून पाहा. अरुण पौडवाल यांच्या त्या संगीतात ठेक्याची धाटणी पाश्चात्त्य आहे, आणि मराठी शब्द म्हणत असताना दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला टाळी टिकवण्याची सवय लागण्यासाठी ते मला उपयोगी पडले आहे.

दुसऱ्या टप्प्यावर बॉब डिलन यांचे 1973 सालचे ‘नॉकिंग ऑन हेवन्स डोअर’ घ्यावे. लय संथ आहे आणि कॉर्ड जी, डी, ए मायनर आणि सी एवढ्याच आहेत, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते पहिल्या दिवशीच शिकवले जाते. पण त्यात जी आणि डी दोन-दोन ठोक्यांच्या आहेत, म्हणजे वर सांगितलेला तिसऱ्या ठोक्यावरचा बदल इथे प्रत्येक ओळीत येतो. जी धरल्यावर दुसऱ्या ठोक्याला वजन देऊन लगेच डीकडे जायचे असते. या जागी नवशिक्याचा दुसरा ठोका हमखास कच्चा राहतो. ए मायनरवर आणि सीवर पूर्ण आवर्तन मिळते, तिथे श्वास घेता येतो. त्यानंतर बेन ई. किंग यांचे 1961 सालचे ‘स्टँड बाय मी’. मूळ गाणे ए या पट्टीत आहे. दुसऱ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या दुसऱ्या घरात) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की जी दोन आवर्तने, ई मायनर दोन, सी एक, डी एक आणि पुन्हा जी दोन, असा आठ आवर्तनांचा एकच फेरा शेवटपर्यंत चालतो. त्या ध्वनिमुद्रणात ठळक स्नेअर नाही, हलकी तालवाद्ये आणि बासची चाल आहे, म्हणून बॅकबीटची जबाबदारी तुमच्या हातावर येते. हे गाणे तिसरे घ्यावे, पहिले कधीच नाही.

काही गाणी या सरावात मुळीच घेऊ नयेत. ‘अजीब दास्ताँ है ये’ हे गिटारवर सर्वांना आवडते, पण त्याची चाल तीन ठोक्यांची आहे. तिथे चौथा ठोकाच नाही. दादऱ्यातील भावगीते आणि कोळीगीतांचा सहा मात्रांचा डोलणारा ठेका यांनाही हेच लागू आहे. ‘नीले नीले अंबर पर’साठी प्रत्येक वर्षी कोणीतरी माझ्याकडे येते, त्याच्या सुरुवातीचा प्रसिद्ध तुकडा एकेक स्वर छेडण्याचा उत्तम अभ्यास आहे, पण स्ट्रमिंगचा नव्हे. बॉब मार्ले यांची रेगे गाणी मात्र फसवी आहेत: त्यात गिटारचा तुटक आवाज ठोक्यांच्या मधल्या जागांवर येतो आणि ड्रमचे मुख्य वजन पुष्कळदा तिसऱ्या ठोक्यावर असते. बॅकबीट पक्का होण्याआधी रेगे हाती घेतले तर दोन्हींची सरमिसळ होते आणि ती सोडवायला फार वेळ लागतो. केरव्यावर बेतलेली, ढोलकी भरगच्च असलेली चित्रपटगीतेही सध्या नकोत. त्यांत सातव्या मात्रेचा ‘धी’ वजनदार असतो पण तिसरी मात्रा हलकी असते, आणि तुम्ही दोन्हींना सारखे वजन दिलेत तर ढोलकीशी भांडण होते. त्या गाण्यांचा स्वभाव वेगळा आहे आणि त्याचा मान राखावा.

गाणे निवडल्यावर हाताने काय करायचे, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण योग्य गाणेही चुकीच्या हाताने सपाटच वाजते. आपल्याकडे प्रत्येकजण जो पहिला नमुना शिकतो, ‘डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप’ (डाऊन म्हणजे हात खाली येतानाचा फटका, अप म्हणजे वर जातानाचा), तो खरे तर बॅकबीटसाठीच जणू घडवलेला आहे. नीट मोजून पाहा: पहिला डाऊन पहिल्या ठोक्यावर, दुसरा डाऊन दुसऱ्या ठोक्यावर, तिसऱ्या ठोक्यावर हात खाली येतो पण तारांना स्पर्श करत नाही, आणि शेवटचा डाऊन चौथ्या ठोक्यावर. म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला भरभक्कम डाऊन स्ट्रोक आधीच हजर आहे. सपाटपणा येतो तो सहाही फटके सारख्याच जोराने, सहाही तारांवर मारल्यामुळे. पहिल्या ठोक्याला फक्त जाड दोन-तीन तारा हलक्या वाजवा, दुसऱ्या आणि चौथ्याला बारीक चार तारा ठामपणे, आणि सगळे अप स्ट्रोक फक्त पहिल्या दोन-तीन तारांना पुसल्यासारखे. एवढ्या एका बदलाने तुमच्या मित्राची निम्मी तक्रार दूर होईल. हात मात्र ठोक्याला खाली आणि अर्ध्यावर वर, असा अखंड हलत राहिला पाहिजे; तो थांबला की लय थांबते.

यानंतर वजन देण्याचा दुसरा मार्ग, ज्याला विद्यार्थी ‘चक’ म्हणतात. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पिक, म्हणजे तारा छेडायची लहान पट्टी, तारांवरून जात असतानाच तळहाताची करंगळीकडची कड तारांवर टेकते आणि स्वराऐवजी कोरडा, स्नेअरसारखा आवाज येतो. दोन क्रिया एकापाठोपाठ नाहीत. टेकणे आणि फटका एकाच क्षणी आहे. आधी टेकवून मग फटका मारला की ठोका उशिरा पडतो, आणि हा उशीर वाजवणाऱ्याला स्वतःला कधीच ऐकू येत नाही, शेजारी बसलेल्याला येतो. बार कॉर्डमध्ये हेच काम डाव्या हाताचा दाब क्षणभर सैल करून होते, आणि तुम्हाला एफ येत असल्याने तेही करून पाहा. पिक मात्र 0.5 ते 0.7 मिलिमीटरची वापरा. तारा फ्रेटवर खडखडत असतील तर चकचा कोरडेपणा त्या आवाजात बुडून जातो. तशा गिटारवर आधी तारांची उंची नीट करून घ्यावी. माझी जुनी गिटार मी मिरजेला एका सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिराकडे नेली होती, आणि त्यांनी ब्रिजवरची पट्टी ज्या हळुवारपणे घासली ती मी अजून विसरलेलो नाही.

एक प्रयोग अवश्य करा. जॉनी कॅश यांच्या सुरुवातीच्या वाद्यवृंदात ड्रमवादक नव्हता, तेव्हा ते गिटारच्या तारांमधून कागदाची घडी आडवी विणून वाजवत आणि त्यातून स्नेअरसारखा खरखरीत ठोका मिळे. वहीच्या कागदाची लांब घडी एका तारेच्या वरून, दुसरीच्या खालून अशी घाला आणि पहिल्या-तिसऱ्या ठोक्याला एकच जाड तार, दुसऱ्या-चौथ्याला पूर्ण कॉर्ड असे वाजवा. कॉर्डचा स्वर मंद होतो आणि फक्त तालच उरतो, त्यामुळे कोणता ठोका कच्चा आहे ते लपत नाही.

मेट्रोनोमचा, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राचा किंवा ॲपचा, वापर उलटा करावा. गाण्याची लय 80 असेल तर मेट्रोनोम 40 वर लावा आणि त्याच्या प्रत्येक ‘टिक’ आवाजाला आळीपाळीने ‘दोन’ आणि ‘चार’ म्हणा. ‘एक’ आणि ‘तीन’ तुम्हाला मधल्या शांततेत स्वतः ठेवायचे आहेत. पहिले दोन-तीन दिवस टिक नकळत ‘एक’ होऊन बसेल. तसे झाले की गिटार थांबवा, नुसते तोंडाने मोजा, पुन्हा सुरू करा. हे रोज दहा मिनिटे पुरे. त्यानंतर दहा मिनिटे मूळ गाण्याबरोबर, आणि शेवटी एकदा गाण्याशिवाय, गात, फोनवर ध्वनिमुद्रण करत वाजवा. ते ध्वनिमुद्रण त्याच दिवशी ऐकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका आणि त्यावर उजव्या पावलाची टाळी देत चाला. टाळी तुमच्या फटक्याच्या आधी पडत असेल तर तुम्ही उशिरा आहात, नंतर पडत असेल तर घाई आहे.

पहिल्या गाण्याला तीन आठवडे द्या, दुसऱ्याला दोन. गाणे झाले की नाही हे ठरवताना तुमच्या मित्राची मदत घ्या: ध्रुवपद दोनदा नेहमीसारखे वाजवा, मग त्याला सांगा की काहोनवर फक्त मधला खोल ठोका चालू ठेव आणि वरच्या कडेवरची थाप पूर्ण बंद कर. तुम्ही गात असताना, त्या थापेच्या रिकाम्या जागी तुमच्या गिटारचा फटका त्याला ऐकू आला आणि गाण्याचा तोल गेला नाही, तर पुढचे गाणे घ्या.